फोनवर उमटलेली अक्षरे

१८७४ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल एका मृत माणसाच्या कानावर प्रयोग करत होते. बोस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी तो कान त्यांना मिळवून दिला होता. कानाच्या पडद्याला जोडलेल्या इवल्याशा हाडांना बेल यांनी गवताची काडी लावली, काडीच्या टोकाखाली काजळी धरलेली काच ठेवली आणि ते कानात बोलू लागले. पडदा थरथरला, काडी हलली, काजळीवर नागमोडी रेघ उमटली. उच्चारलेला आवाज डोळ्यांना दिसला. बेल त्या काळात बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवत होते. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येई, आणि ज्यांच्याशी पुढे त्यांचे लग्न झाले त्या मेबल हबर्ड यांचे ऐकणे पाचव्या वर्षी तापात गेले होते. आपला उच्चार कसा दिसतो हे मुलांना पाहता यावे आणि योग्य रेघेशी ताडून त्यांनी तो सुधारावा, असा त्या यंत्रामागचा हेतू होता. कानाचा एवढासा पातळ पडदा हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही, हा विचार बेल यांना याच कामातून सुचला. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट त्यांच्या नावावर झाले.

टेलिफोनच्या जन्मकथेत असा बधिर मुलांसाठी आवाज दिसता करण्याचा प्रयत्न आहे. पण जो टेलिफोन जन्माला आला त्यात डोळ्यांसाठी काहीच उरले नव्हते. सगळा व्यवहार कानाशी. सुरुवातीला त्याने फारसे बिघडले नाही, कारण फोन मोजक्यांकडेच होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र अमेरिकेतले घर, दुकान, दवाखाना, कचेरी सगळे त्या तारेला जोडले गेले, आणि ज्याला फोन घेता येत नाही त्याच्या वाटेतली एकेक नोकरी, एकेक बढती अडू लागली. डॉक्टरांची वेळ घ्यायची तर शेजाऱ्याचे दार ठोठावायचे आणि आपले दुखणे आधी त्याला सांगायचे. मित्राला भेटायचे तर गाडी काढून त्याच्या घरापर्यंत जायचे. तो घरी नसला तर दारात चिठ्ठी खोचून परतायचे. ज्या काळात सगळेच पत्र लिहीत होते आणि सगळेच एकमेकांच्या दारी जात होते, त्या काळात बधिर माणूस इतका मागे पडलेला नव्हता. त्याचे बहिरेपण तेवढेच राहिले होते. भोवतालचे जग कानाच्या भरवशावर नव्याने बांधले गेले होते.

फोनवरचे बोलणे अक्षरांत दाखवणारे कॅप्शन फोन आणि दूरचित्रवाणीवरची कॅप्शन यांचा इतिहास सहसा शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो: आधी एक यंत्र आले, मग त्याहून चांगले आले आणि हळूहळू बधिरांची अडचण सुटत गेली. हा इतिहास नीट पाहिला तर वेगळेच दिसते, असे माझे म्हणणे आहे. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर लागणारे तंत्र आधीच हाताशी होते, कधी काही वर्षे तर कधी काही दशके. ते या कामाला जुंपण्याची वाट बहुतेक वेळा बधिर माणसांनी स्वतः काढली. आणि ती वाट सर्वांसाठी खुली झाली ती खर्च कुणी करायचा आणि जबाबदारी कुणाची हे ठरल्यानंतरच.

टेलिप्रिंटरचेच पाहा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अनेक वर्षे खडखडत असलेले हे यंत्र मराठी वाचकांना अपरिचित नाही. एका टोकाला कळा दाबल्या की तारेच्या दुसऱ्या टोकाला कागदावर अक्षरे उमटतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९३१ मध्येच व्यापाऱ्यांसाठी टेलिप्रिंटरची जोडणी सुरू केली होती. एका गावातला दलाल दुसऱ्या गावातल्या दलालाशी लेखी संवाद करत होता, तेव्हा बधिर माणूस चिठ्ठी खोचून परतत होता. फोनच्या साध्या तारेवरून असे संकेत धाडायचे तर त्यांचे सुरांत रूपांतर करणारा मोडेम लागतो. तोही १९६२ पर्यंत संगणकांसाठी बाजारात आला होता. बधिर माणसाच्या घरी तो आणावा, असे मात्र कुणाला वाटले नव्हते. ते वाटले रॉबर्ट वाइटब्रेक्ट यांना. हे भौतिकशास्त्रज्ञ जन्मापासून बधिर होते, हौशी रेडिओचालक होते आणि रेडिओवरून टेलिप्रिंटर चालवण्यात तरबेज होते. पॅसाडेनाचे दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि रेडवुड सिटीचे अँड्र्यू सॅक्स हे त्यांचे दोन साथीदारही बधिरच. वाइटब्रेक्ट यांनी फोनचा रिसीव्हर ज्यात ठेवता येईल असे दोन वाट्यांचे उपकरण केले. टेलिप्रिंटरच्या संकेतांचे त्यात सूर होत, ते सूर रिसीव्हरमधून तारेवर जात आणि पलीकडे पुन्हा अक्षरे होत. मे १९६४ मध्ये रेडवुड सिटी आणि पॅसाडेना यांच्यात असा पहिला संवाद झाला. सुरुवातीला कागदावर नुसता गोंधळ उमटला, मग अक्षरे जुळत गेली. बेल यांच्या पेटंटनंतर ८८ वर्षांनी दोन बधिर माणसे कुणाच्याही कानाची मदत न घेता फोनवर बोलली होती.

रिसीव्हर वाट्यांत ठेवण्याच्या या युक्तीमागे एक कारण होते, आणि माझ्या मुद्द्यासाठी ते महत्त्वाचे आहे. फोनच्या तारेला बाहेरचे कोणतेही उपकरण जोडायला एटी अँड टीची मनाई होती. आपले बोलणे शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायच्या एका साध्या टोपीवरही कंपनीने आक्षेप घेतला होता, आणि ते प्रकरण १९५६ मध्ये न्यायालयात निकाली निघाले होते. वाइटब्रेक्ट यांच्या उपकरणाचा तारेला विजेचा स्पर्श नव्हता, फक्त आवाजाचा होता, म्हणून ते कसेबसे चालू शकले. १९६८ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने कार्टरफोन या उपकरणाच्या खटल्यात बाहेरची साधने जोडण्याचा मार्ग खुला केला. त्याच वर्षी एटी अँड टी आपले जुने टेलिप्रिंटर बधिरांना द्यायला राजी झाली. तोवर ही यंत्रे बहुधा मोडीतच जात. मग बधिर कारागीर आणि फोन कंपनीतले काही स्वयंसेवक ही शेकडो पौंडांची धुडे तळघरांत आणि गॅरेजांत उतरवून घेऊ लागले, साफ करून, तेल घालून घरोघरी पोहोचवू लागले. या फोनला लोक टीटीवाय म्हणू लागले. त्याची स्वतःची रीतही घडली: आपले म्हणणे संपले की ‘जीए’ टंकायचे, म्हणजे आता तुम्ही बोला, संवाद संपवायचा तर ‘एसके’. इथे नव्या शोधाचा वाटा किती आणि नियम बदलण्याचा वाटा किती, हे वाचकानेच ठरवावे. यंत्रे भंगारात पडली होती. हवी होती ती परवानगी.

टीटीवायने एक अडचण सोडवली आणि दुसरी उघडी केली. दोन्ही टोकांना यंत्र असेल तरच संवाद होणार. दवाखाना, बँक, मुलांची शाळा यांच्याकडे ते नव्हते. यातून मधल्या माणसाची कल्पना निघाली: बधिर माणूस टंकेल ते मधला माणूस पलीकडच्याला वाचून दाखवील, आणि पलीकडचा बोलेल ते टंकून कळवील. सेंट लुइसमध्ये पॉल टेलर या बधिर अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी सोय उभी करण्यात पुढाकार घेतला. गावोगाव स्वयंसेवकांनी तिचे अनुकरण केले, पण स्वयंसेवकाला झोप लागते, सुट्टी लागते आणि रात्री दोनला आलेला आजार त्याची वाट पाहत नाही. कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये कायदा करून बधिर ग्राहकांना टीटीवाय मोफत द्यायचे ठरवले आणि त्याचा खर्च राज्यातल्या सगळ्या फोनबिलांवर छोटा अधिभार लावून भागवला. १९८७ मध्ये तिथे राज्यभर मधल्या माणसाची सेवा सुरू झाली. मार्च १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या बधिरांसाठीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी बधिर कुलगुरूच हवा म्हणून विद्यापीठ बंद पाडले आणि आठवड्याभरात मागणी मान्य करून घेतली. दोन वर्षांनी, २६ जुलै १९९० रोजी, अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्याच्या चौथ्या भागाने फोन कंपन्यांवर तीन वर्षांत देशभर ही सेवा देण्याचे बंधन घातले. मधल्या माणसाने संभाषण गुप्त ठेवायचे, फोन संपल्यावर त्याची नोंद ठेवायची नाही, बोलण्यात फेरफार करायचा नाही, आणि ग्राहकाकडून साध्या फोनपेक्षा जास्त दर घ्यायचा नाही, हेही त्यात लिहिले होते. दुसऱ्याच्या कानावर विसंबणाऱ्या माणसाला ज्या ज्या गोष्टींची धास्ती वाटते, त्या साऱ्या कायद्याने नावानिशी नोंदवल्या.

पडद्यावरच्या अक्षरांचा इतिहास याच वळणांनी जातो. मूकपटांच्या काळात बधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने सिनेमा पाहत होता, कारण संवाद पाट्यांवर लिहिलेले असत. १९२७ नंतर बोलपट आले आणि पाट्या गेल्या. मूकपटांत काम केलेले क्यूबात जन्मलेले बधिर नट एमर्सन रोमेरो यांनी १९४७ च्या सुमारास बोलपटाची फीत कापून मध्ये पाट्या जोडल्या आणि असे चित्रपट बधिरांच्या क्लबांना दिले. आवाजाची त्यात मोडतोड होई, तरी बघणारे गर्दी करत. हार्टफर्डच्या बधिर शाळेशी संबंधित मंडळींनी पुढे चित्रावरच अक्षरे उमटवून चित्रपट फिरवले, आणि १९५८ मध्ये सरकारने कायदा करून हे काम आपल्या खर्चात घेतले. दूरचित्रवाणीवर मात्र पाट्या जोडणे शक्य नव्हते. ऐकू येणारे प्रेक्षक अक्षरांना कंटाळतील, अशी वाहिन्यांची भीती होती. १९७२ मध्ये बोस्टनच्या केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम सर्वांना दिसतील अशा कॅप्शनसह दाखवला. १९७३ च्या डिसेंबरपासून संध्याकाळच्या एका बातमीपत्राला कॅप्शन देऊन ते रात्री अकराला पुन्हा दाखवले जाऊ लागले. त्या पाच तासांत सारा मजकूर लिहून काढायचा आणि चित्रावर बसवायचा. बधिर घरांत दिवसाच्या बातम्या रात्री पोहोचू लागल्या.

यावर तोडगा म्हणून लपलेली कॅप्शन आली. अमेरिकी दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ ओळींचे असे आणि त्यांतल्या काही ओळी पडद्यावर दिसत नसत. त्या न दिसणाऱ्या २१ व्या ओळीत मजकूर दडवायचा आणि ज्याला हवा त्याने तो वेगळ्या डिकोडरने उलगडून पाहायचा. क्लोज्ड कॅप्शनमधला ‘क्लोज्ड’ शब्द इथून आला. हे होऊ शकते हे १९७२ मध्ये गॅलोडेटमध्ये दाखवून झाले होते. आयोगाने ती ओळ १९७६ मध्ये राखून ठेवली. नियमित प्रक्षेपण सुरू झाले १६ मार्च १९८० रोजी. तेव्हा डिकोडरची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती. वाहिन्या म्हणत, डिकोडर विकले गेले की कॅप्शन वाढवू. ग्राहक म्हणत, कॅप्शन वाढली की डिकोडर घेऊ. सीबीएस ही वाहिनी तर वेगळ्या तंत्राचा हट्ट धरून काही वर्षे बाहेरच राहिली, आणि बधिरांच्या संघटनेने तिच्या दारांत निदर्शने केली. बाजाराच्या हाती सोडलेला हा प्रश्न दहा वर्षे जागच्या जागी फिरला. मग १९९० मध्येच दुसरा कायदा झाला: जुलै १९९३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १३ इंच वा मोठ्या प्रत्येक संचात डिकोडर आतच असला पाहिजे. घरोघरच्या संचात एक चिप बसली आणि अडीचशे डॉलरची वेगळी पेटी इतिहासजमा झाली. १९९६ च्या कायद्याने वाहिन्यांवर बंधन आले आणि २००६ पासून जवळजवळ सर्व नव्या इंग्रजी कार्यक्रमांना कॅप्शन देणे भाग पडले. इंटरनेटवरच्या चित्रपटांसाठी हीच लढाई पुन्हा लढावी लागली; बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सवर २०११ मध्ये खटला भरला, आणि २०१४ पर्यंत सर्व चित्रपटांना कॅप्शन देण्याचे कंपनीने २०१२ मध्ये मान्य केले.

कॅप्शन फोन या दोन प्रवाहांच्या संगमावर आहे. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडे आधी फारसे कुणी पाहिले नव्हते. जन्मबधिर माणसाची भाषा बहुधा खुणांची असते; पण साठीसत्तरीत ज्यांचे ऐकणे गेले, जे आयुष्यभर बोलत आले, त्यांना टंकून बोलणे म्हणजे आपला आवाज गमावणे वाटे. विस्कॉन्सिनमधल्या अल्ट्राटेक कंपनीने त्यांच्यासाठी कॅपटेल नावाचा फोन आणला आणि आयोगाने २००३ मध्ये त्या सेवेला मान्यता दिली. यात आजी स्वतःच्या आवाजात नातवाशी बोलते. नातू बोलतो ते तिला जेवढे ऐकू येईल तेवढे ऐकूही येते, आणि काही क्षणांनी तेच फोनच्या छोट्या पडद्यावर अक्षरांत येते. सुरुवातीच्या पद्धतीत दूरवरच्या केंद्रात एक सहायक नातवाचे बोलणे ऐके आणि जसेच्या तसे स्वतः पुन्हा उच्चारी. संगणक त्या सहायकाच्या आवाजाला सरावलेला असल्याने त्याची अक्षरे करी, आणि चुकलेला शब्द सहायक कळफलकावर दुरुस्त करी. २००७ मध्ये इंटरनेटवरून चालणाऱ्या रूपालाही मान्यता मिळाली. खर्च भागवला तो फोन कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सामायिक निधीने.

यावर पहिला आक्षेप असा की मी शोधांना कमी लेखतो आहे. आवाज ओळखणारा संगणक नसता तर कायदा करूनही कॅप्शन फोन झाला नसता. हे खरे आहे, आणि चालू कार्यक्रमांना कॅप्शन देणेही लघुलेखन यंत्र व संगणक यांची जोड १९८२ मध्ये जमली तेव्हाच शक्य झाले. पण तंत्र असणे आणि ते माणसापर्यंत पोहोचणे यांत जी वर्षे गेली, ती मोजली की वजन कुठे आहे ते कळते. टेलिप्रिंटरची जोडणी १९३१ ची आणि बधिराच्या घरी १९६४. दडवलेली कॅप्शन १९७२ ची आणि प्रत्येक संचात १९९३. या मधल्या काळात यंत्रात कमतरता होती असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, शोधकांच्या यादीतच बधिर माणसे पुन्हापुन्हा दिसतात. यूट्यूबवर २००९ मध्ये आपोआप होणारी कॅप्शन आली, ती घडवणाऱ्यांत पुढे होते ते केन हॅरेनस्टीन हे अभियंते स्वतः बधिर आहेत. गरज ज्याची, त्याच्या हाती साधने आली की शोधही लागतात.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. थोड्यांसाठी सगळ्यांच्या बिलावर अधिभार का, आणि तोही गैरवापराला वाव असताना? गैरवापर झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. दर मिनिटामागे निधीतून पैसे मिळू लागल्यावर काही जणांनी ऐकण्याची विशेष अडचण नसलेल्यांनाही असे फोन देण्याचा सपाटा लावला, आणि ग्राहक आणून देणाऱ्यांना बक्षिसे मिळू लागली. २०१३ मध्ये आयोगाने अशी बक्षिसे बंद केली. त्याच वेळी प्रत्येक फोनला कॅप्शन मुद्दाम चालू करावी लागतील असाही नियम केला. तो मात्र २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी रद्द ठरवला, आणि ते योग्यच झाले, कारण थरथरत्या हातांच्या माणसाला प्रत्येक वेळी बटण शोधायला लावणे म्हणजे चोराची शिक्षा घरमालकाला देणे. अधिभाराच्या तत्त्वाबद्दल एवढेच म्हणेन की फोनचे जाळे कधीच ज्याच्या त्याच्या खर्चाने उभे राहिलेले नाही. दूरच्या वस्तीपर्यंत तार नेण्याचा खर्च तिथले चार ग्राहक भागवत नाहीत. तो सगळ्यांवर पसरतो, कारण जाळ्यात एक माणूस वाढला की इतरांचाही फोन अधिक उपयोगाचा होतो. आजीच्या पडद्यावरची अक्षरे नातवाच्याही कामाची आहेत. त्यांच्यामुळे त्याचे म्हणणे तिच्यापर्यंत पोहोचते.

तिसरा आक्षेप बधिर समाजातूनच येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. कॅप्शन म्हणजे इंग्रजी मजकूर. ज्यांची पहिली भाषा अमेरिकी खुणांची भाषा आहे त्यांना ती परक्या भाषेत वाचायला लावते. बेल यांनी खुणांच्या भाषेला विरोध करून सगळ्यांना उच्चार शिकवण्याचा आग्रह धरला. कॅप्शन फोनमध्येही उच्चारालाच मान आहे, असे हे म्हणणे आहे. यात तथ्य आहे. म्हणूनच २००० मध्ये आयोगाने व्हिडिओवरून दुभाष्यामार्फत बोलण्याची सेवाही याच व्यवस्थेत घेतली, हे महत्त्वाचे पाऊल होते. कॅप्शन फोन उशिरा ऐकणे गेलेल्यांचा आहे, दुभाष्याची सेवा खुणांच्या भाषिकांची आहे. एकाच्या नावाखाली दुसरी नाकारली तर कायद्याचा हेतूच बुडेल.

आता चौथा आणि आजचा आक्षेप: यंत्रच सगळे लिहून देते, मग माणूस, निधी, कायदा हवेत कशाला? २०१८ मध्ये आयोगाने सहायकाविना, निव्वळ यंत्राने दिलेली फोनवरची कॅप्शनही मान्य केली. यात खरा लाभ आहे, कारण आता दोघांच्या बोलण्यात तिसरा कान नसतो. पण यंत्राच्या चुका सारख्या वाटल्या जात नाहीत. परक्या ढंगाचे इंग्रजी, वृद्धाचा कापरा आवाज, नावे आणि आकडे इथे ते जास्त अडखळते. औषधाच्या मात्रेत ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ झाले तर वाचणाऱ्याला ते कळायला कान नाही. चूक किती चालेल, ती कोण मोजणार आणि तक्रार कुठे करायची, हे यंत्र सांगत नाही. जबाबदारीचा जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न आता कागदावर आला आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात क्लोज कॅप्शनिंगचा उल्लेख आहे. २०१९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी मानके आली, मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. मराठी वाहिनी पाहणाऱ्या कर्णबधिर माणसाला अमेरिकेच्या या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच: तिथे अक्षरे पडद्यावर टिकली ती कायद्यात शब्द आला म्हणून नव्हे, तर त्या शब्दाबरोबर तारीख, निधी आणि उत्तर देणारा माणूस ठरला म्हणून. काजळीवर उमटलेली ती पहिली रेघ बधिर मुलांसाठी होती. तिच्यातून निघालेल्या यंत्रावर त्यांचाही तितकाच अधिकार आहे, हे मान्य व्हायला एक शतकाहून अधिक काळ गेला. इथे तेवढा काळ जायचे कारण नाही. यंत्रे पुन्हा एकदा हाताशी आहेत, आणि पुढचे पाऊल कुणी टाकायचे हे ठरवणे आपल्याकडे आहे.